आरंभरेषेवरील धडधड

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदसारख्या गावी पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावेसाठी पहाटे घाम गाळणाऱ्या तरुणास, अथवा हौसेने लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरणाऱ्या गृहस्थास, आरंभरेषेवर जी धडधड जाणवते, ती दौर्बल्याची निशाणी नसून आगामी श्रमांसाठी हृदयास व श्वासास सुटलेले शरीराचेच फर्मान होय. मानसशास्त्रज्ञ यर्क्स व डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, अवघड कार्यात उत्तेजना मर्यादेपर्यंत पोषक, तिच्यापलीकडे मात्र घातक ठरते. भयाने पहिलाच टप्पा अतिवेगाने कापणाऱ्यास याचा प्रत्यय शेवटी येतो. म्हणून धावकांनी सुरुवात आवरती ठेवावी, आणि वडीलधाऱ्यांनी निकालाची ताकीद न देता सरावाची कदर करावी, ही आमची कळकळीची विनंती.