सिग्नलचा खांब कोणाच्या अखत्यारीत?

खिदिरपुरातून दक्षिणेकडे जाणाऱ्या डायमंड हार्बर रोडवर अवजड मालट्रक आणि शाळकरी मुले यांची वाट एकच. 4 ऑगस्ट 2023 रोजी याच रस्त्यावर, बेहाला चौरस्त्याजवळ, ट्रकच्या धडकेत दुसरीतला एक विद्यार्थी मृत्युमुखी पडला. संतप्त जमावाने पोलिसांचे वाहन जाळले. जाळपोळ निंद्यच, पण वाहतुकीची जबाबदारी कोणाची, हे जमावाने अचूक ओळखले होते.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 116 नुसार वाहतूक चिन्हे उभारण्याचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. चिन्हांच्या व्याख्येत सिग्नलही येतात. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत रस्ते, पूल, पथदिवे, वाहनतळ, बसथांबेदेखील आहेत. सिग्नल नाहीत! पांढरा दिवा महापालिकेचा, लाल दिवा लालबाजारचा, अशी ही वाटणी. मुंबईतही सिग्नलचा खर्च महापालिका करते, नियंत्रण वाहतूक पोलिसांचे असते.

गावा-शहरांतून जाणाऱ्या राज्य महामार्गांवर हा पेच अधिक अवघड होतो. प्रत्येक नगरपालिकेने मनाला येईल तिथे सिग्नल बसवले, तर दूर पल्ल्याची वाहतूक खोळंबेल, हा अभियंत्यांचा आक्षेप रास्त आहे. तो शाळा-रुग्णालयांसमोरच्या चौकांना मात्र लागू पडत नाही. तेवढ्यापुरते स्थानिक संस्थांना प्राधिकृत करण्यास नवा कायदा नको. कलम 116 खाली राज्याची एक अधिसूचना पुरेल. उरलेल्या ठिकाणी नगरपालिकेची मागणी फेटाळायची असेल, तर ठरावीक मुदतीत लेखी कारण देण्याचे बंधन त्याच अधिसूचनेत घालता येईल.