पाहुणी नव्हे, घरातलीच माणसे



परप्रांतातून आलेल्या वृद्धांमुळे पेडणे-डिचोलीतल्या आरोग्यसेवेवर भार पडतो, असे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे आहे. नियम मात्र वेगळेच सांगतात.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ) बिगरगोमंतकीयांना जानेवारी २०१८पासून शुल्क लागू झाले, तेव्हा महाराष्ट्रातल्या दोडामार्गात आंदोलन पेटले होते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी गोव्यात ५ वर्षांचे, तर वृद्धांना मासिक आधार देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठी १५ वर्षांचे वास्तव्य लागते. मोपा विमानतळावर नोकरीला लागलेल्या मुलाकडे साठीची आई राहायला आली, तर तिला हा आधार मिळेल पंचाहत्तरीला!

अशी एखादी आजी पेडण्याच्या बसथांब्यावर सहज दिसते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल, पदराच्या गाठीत बसभाड्याचे पैसे, पट्टीत उरलेल्या रक्तदाबाच्या दोन गोळ्या. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात जायचे, तर मुलाला रजा काढावी लागते. गावी शेजारीण होती. इथे दिवसभर चार भिंती.

सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न घालता ५ लाखांचे संरक्षण देणारी आयुष्मान योजना ऑक्टोबर २०२४मध्ये आली, हे खरे. पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्यांचे काय?

सावंतवाडी-दोडामार्गाशी पेडणे-डिचोलीचा रोटीबेटी व्यवहार जुना आहे. तेव्हा या दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य केंद्रांत वृद्धांना योजनांची कार्डे काढून देणारा कक्ष आणि वाड्यावर गोळ्या पोहोचवणारी फिरती गाडी सुरू करावी, ही आग्रहाची विनंती.

— एक वाचक, डिचोली