‘माझे गाव’ म्हणजे कुठले?

मागच्या महिन्यात आपल्या मराठी वर्गात मुलांना ‘माझे गाव’ हा निबंध लिहायला सांगितला होता. आमच्या मुलीने घरी आणलेली वही आम्ही उभयतांनी कौतुकाने उघडली. गावाबाहेर नदी, नदीकाठी देऊळ, देवळासमोर वडाचा पार, पहाटे बैलांच्या गळ्यातल्या घंटा. शुद्धलेखनाच्या चुका अगदी थोड्या. बाईंनी दहापैकी आठ गुण दिले होते.

पण तिचा जन्म न्यू जर्सीतला. पहाटे तिला ऐकू येते ती कचऱ्याची गाडी. आम्ही विचारले, “अगं, हे गाव कुठले?” ती म्हणाली, “बाबा, मराठीत गाव असंच असतं ना?”

आम्ही हसलो खरे, पण ते वाक्य काही डोक्यातून गेले नाही. इतर पालकांकडे चौकशी केली, तर बहुतेक वह्यांमधून तीच नदी वाहत होती! चूक मुलांची नाही आणि बाईंची तर मुळीच नाही. चूक आम्हा पालकांची आहे. मराठी ही आजोळच्या गोष्टी सांगायची भाषा आणि खिडकीबाहेरच्या जगासाठी इंग्रजी, अशी वाटणी आम्हीच करून ठेवली. मग तेरा-चौदा वर्षांची झाल्यावर मुले विचारतात, “मराठीचा उपयोग काय?” आणि आपल्याला उत्तर सुचत नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की यंदा मुलांनी आपल्या आसपासच्या एखाद्या गावाचा इतिहास मराठीत लिहावा. गावही आम्ही सुचवतो. हाइट्सटाउनहून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर रूझवेल्ट नावाचे छोटे बरो आहे. (मुलांनो, बरो म्हणजे स्वतःचा महापौर आणि स्वतःचे नगरमंडळ असलेले छोटे गाव.) २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती अवघी ८०८. आपल्या गणेशोत्सवाला याहून जास्त माणसे जेवून जातात!

या गावाची कहाणी मात्र मोठी आहे. १९३० नंतरच्या मंदीत न्यूयॉर्कच्या शिवणकारखान्यांतल्या कामगारांचे फार हाल होत होते. त्यांतले बरेचसे पूर्व युरोपातून आलेले ज्यू होते. युक्रेनमध्ये जन्मलेल्या बेंजामिन ब्राउन नावाच्या गृहस्थांनी एक योजना मांडली. या कामगारांना शहराबाहेर आणावे आणि त्यांना कारखाना, शेती आणि दुकान अशा तीन सहकारी संस्था काढून द्याव्यात. हंगामात कोट शिवायचे, एरवी शेतात राबायचे. अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने योजना उचलून धरली. प्रत्येक कुटुंबाने पदरचे ५०० डॉलर घातले. त्या काळात ही रक्कम थोडी नव्हती. प्रिन्स्टनला राहणाऱ्या आइन्स्टाइननीही योजनेला पाठिंबा दिला. १९३६ साली पहिली कुटुंबे राहायला आली आणि १९३७ मध्ये ‘जर्सी होमस्टेड्स’ हे बरो रीतसर स्थापन झाले.

सहकार हा शब्द आपल्याला परका नाही. प्रवरानगरच्या साखर कारखान्याचे नाव ऐकत आपल्यापैकी कितीतरी जण लहानाचे मोठे झाले. पण ‘सहकार म्हणजे काय?’ असे आपल्या मुलांनी विचारले, तर शब्दकोश उघडण्यापेक्षा त्यांना या गावात नेणे सोपे.

घरे बांधली आल्फ्रेड कास्टनर या वास्तुशिल्पकाराने. सपाट छपरांची, साधी, मोठमोठ्या खिडक्यांची घरे. त्याच्या हाताखाली लुई कान नावाचा तरुण काम करत होता. पुढे याच लुई कानने अहमदाबादची व्यवस्थापन संस्था आणि ढाक्याचे संसद भवन उभे केले. अहमदाबादच्या त्या विटांच्या कमानी पाहून आलेले पालक आपल्यात असतील. त्या हाताने आधी कुठे काम केले, हे मुलांना आपल्याच परगण्याजवळ दाखवता येते.

आता खरे ते सांगायला हवे. योजना फसली. घरे पुरी व्हायला उशीर झाला, खर्च वाढत गेला, वर्तमानपत्रांनी टीका केली. पुरेशी कुटुंबे वेळेवर आली नाहीत आणि १९३९ च्या सुमारास सहकारी कारखाना बुडाला. शेतीही फार दिवस टिकली नाही. आमच्या धंद्यातही असेच होते. आराखडा कागदावर देखणा असतो, पण तीन भाग एकमेकांवर अवलंबून ठेवले की एक अडकल्यावर तिन्ही अडकतात.

तरी गाव मोडले नाही, आणि याचेच आम्हाला नवल वाटते. काही लोक राहिले, काही नवे आले. १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट वारल्यावर त्याच वर्षी गावाने त्यांचे नाव घेतले. चित्रकार बेन शान इथे चित्र काढायला आले आणि इथलेच झाले; १९६९ साली वारले तोवर त्यांचे घर हेच. त्यांच्यामागोमाग आणखी कलावंत आले. शिंप्यांचे गाव चित्रकारांचे झाले.

बेन शान स्वतः लिथुआनियात जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. १९३७-३८ मध्ये त्यांनी गावातल्या शाळेत एक मोठे भित्तिचित्र काढले. त्यात बोटीतून उतरणारे निर्वासित आहेत आणि त्यांच्या पुढच्या रांगेत आइन्स्टाइन. मग कोंदट खोल्यांत शिवणयंत्रांवर वाकलेली माणसे, मग संघटनेची सभा, आणि शेवटी नव्या गावाचा नकाशा पुढ्यात घेऊन बसलेली मंडळी. मागे कुठून आलो, काय सोसले आणि इथे काय उभे केले, हे सारे शाळेच्या भिंतीवर. ते चित्र अजून तिथेच आहे. गावाचा कारभार आज इंग्रजीत चालतो. पहिल्या पिढीच्या तोंडची यिडिश भाषा मागे पडली. पण सकाळी शाळेत शिरणारे मूल, मग ते कुठल्याही घरातले असो, ती कहाणी पाहते.

आपला वर्ग भाड्याच्या जागेत भरतो. सकाळी आपण बाराखडीचे तक्ते आणि शिवाजी महाराजांचे चित्र भिंतीवर चिकटवतो, आणि दुपारी सगळे उतरवून कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत ठेवतो. इतकी वर्षे आपण या भागात राहतो, पण इथल्या भिंतीवर आपली काही खूण नाही. आपण इथल्या गावाविषयी मराठीत काही लिहिलेले नाही, तर गावाला आपल्याविषयी काय ठाऊक असणार?

यावर काही पालकांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. “आठवड्यात दोनच तास मिळतात, त्यात अमेरिकेचा इतिहास कशाला? तो शाळेत शिकवतातच.” दोन तास कमी आहेत, हे अगदी मान्य. पण रूझवेल्टची गोष्ट आमच्या मुलीच्या शाळेत कुणी शिकवली नाही. आणि रायगड, शिवनेरी बाजूला ठेवा असे आम्ही म्हणतच नाही. रायगड हवाच. मात्र ज्या भाषेत फक्त दूरचेच सांगता येते, ती मुलांच्या लेखी हळूहळू दूरचीच होते. यिडिश बोलणाऱ्या त्या आईबापांचेही मुलांवर प्रेम काही कमी नव्हते. भाषा नुसत्या प्रेमाने टिकत नाही, रोजच्या कामात वापरावी लागते.

म्हणून एका शनिवारी सर्वांनी रूझवेल्टला जाऊ या. अध्यक्षांचा अर्धपुतळा पाहू, तो बेन शान यांच्या मुलाने, जोनाथन शान यांनी घडवला आहे. शाळेची परवानगी मिळाली तर भित्तिचित्रही पाहू. मुलांनी घरे मोजावीत, नकाशा काढावा, आणि परत आल्यावर आजी-आजोबांना फोन करून सारे मराठीत सांगावे. जिथे शब्द अडेल तिथे आजी सुचवील. डबे आणायला काकू-मावशी तयार आहेतच. गाड्यांची व्यवस्था आम्ही पाहू. परवानगीचे पत्र लिहायला मात्र कुणीतरी पुढे यावे.

आमच्या मुलीने परवा निबंध पुन्हा लिहायला घेतला. पहिले वाक्य झाले आहे: ‘माझ्या गावात नदी नाही, पण रेल्वे स्टेशनाजवळ एक तळे आहे आणि तिथे बदके येतात.’ ‘बदके’ हा शब्द तिने आजीला फोन करून विचारला.