जाड केबलचा सांधा कशाने दाबावा?

बडोद्याचे एक मध्यमवयीन दांपत्य. मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेली तशी दोघांनी एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली. तिच्यात दोन पलंग, छोटासा ओटा, पाण्याची टाकी आणि आसनाखाली बॅटरी व इन्व्हर्टर बसवून घेतले. आर.टी.ओ.ची मंजुरी मिळवण्याचे सोपस्कारही पार पडले. पहिलाच लांबचा प्रवास कोकणचा ठरला. गुहागरजवळ एका वाडीत मुक्काम झाला. पहाटे चहासाठी इंडक्शन शेगडी सुरू केली आणि पाच-सात मिनिटांतच बाईंनी मान वर केली.

"अहो, काहीतरी जळतंय."

"अगं, शेगडीवर दूध सांडलं असेल."

"दूध पातेल्यातच आहे. हा वास रबराचा आहे."

आसन उचलून पाहिले, तर इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या लाल केबलच्या टोकावरचे आवरण आकसून काळे पडले होते. शेगडी लगेच बंद केली म्हणून प्रकरण तेवढ्यावरच थांबले. केबल थंड झाल्यावर तिचे टोक हातात धरून हलवले, तर तांब्याच्या तारा लगच्या नळीत सैल फिरत होत्या. (लग म्हणजे केबलच्या टोकाला असणारा भोकाचा तुकडा. आपल्याकडचे वायरमन त्याला थिंबलही म्हणतात.) गॅरेजमधल्या पोराने तो छिन्नी-हातोडीने चेपून दिला होता. वरून दिसायला अगदी घट्ट होता!

हल्ली अशा गाड्यांची हौस वाढते आहे. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणेही जाहीर केली. गाडी सजवताना गाद्या, पडदे, कपाटे यांवर घरात महिना महिना चर्चा होते. केबलचे टोक कोण आणि कशाने दाबणार, हे मात्र कोणी विचारत नाही. ज्या गाडीत रात्री आपलीच माणसे झोपणार असतात, तिच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कारण साधे आहे. घरातील २३० व्होल्टच्या विजेवर १००० वॅटची शेगडी साधारण साडेचार अँपिअर प्रवाह घेते. तीच शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरमार्फत चालवली, तर इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरून बॅटरीच्या केबलमधून जवळजवळ १०० अँपिअर वाहतात. म्हणूनच ही केबल अंगठ्याएवढी जाड असते. पण केबल कितीही जाड घेतली, तरी तो सगळा प्रवाह शेवटी टोकाच्या इंच-दीड इंचाच्या सांध्यातूनच जातो. त्या सांध्याचा रोध अवघा ५ मिलिओहम असला, म्हणजे एका ओहमचा दोनशेवा भाग, तरी १०० अँपिअरला तिथे ५० वॅट उष्णता तयार होते. २५ वॅटची दोन सोल्डरिंग आयर्न आसनाखाली कोंडून ठेवल्यासारखेच हे झाले. सांधा तापला की तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, रोध आणखी वाढतो आणि सांधा आणखी तापतो.

यात फ्यूजचा काहीही उपयोग होत नाही, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. फ्यूज जादा प्रवाहाला उडतो. सैल सांध्यात प्रवाह जादा नसतोच, तो नेहमीइतकाच असतो. त्यामुळे आवरण वितळेपर्यंत फ्यूज शांत बसून राहतो. अर्थात बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे, पण त्याचे काम वेगळे. ज्यांच्याकडे अशी गाडी नाही, पण घरात इन्व्हर्टर आहे, त्यांच्या बॅटरीलाही हेच लागू पडते.

चांगला सांधा म्हणजे काय?

चांगल्या यंत्राने लगची नळी दाबली की आतल्या शेकडो बारीक तारा एकमेकींत आणि नळीच्या भिंतीत इतक्या घट्ट बसतात की मध्ये हवेला जागा उरत नाही. हवा नाही, ओल नाही, म्हणून तांबे आतून खराब होत नाही. छिन्नीने चेपलेल्या नळीत एका बाजूच्या तारा तुटतात आणि दुसऱ्या बाजूला पोकळी राहते. गाडीचे हादरे त्या पोकळीला रोज थोडे थोडे मोठे करतात.

काही कारागीर नळीत वितळलेले कथील ओततात आणि "आता जन्मात सुटणार नाही" असे सांगतात. घरातील स्थिर जोडणीत ते एक वेळ चालेल. गाडीत मात्र कथील तारांमधून वर चढते आणि तेवढा भाग कांबीसारखा ताठ होतो. मग हादऱ्यांनी केबल त्या ताठ भागाच्या कडेलाच तुटू लागते. शिवाय नेहमीचे शिशाचे कथील १९० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणजे सांधा तापला की त्याचा आधार नेमका त्याच वेळी जातो.

आता यंत्राकडे वळू. लाल-निळ्या-पिवळ्या छोट्या टर्मिनलसाठी मिळणारी पकड ६ चौरस मिलिमीटरपर्यंतच्या तारांसाठी असते. तिने ३५ किंवा ५० चौरस मिलिमीटरची केबल दाबू पाहणे म्हणजे अडकित्त्याने नारळ फोडणे. हातोडीने ठोकायचा क्रिंपर सर्वांत स्वस्त. त्यात लग ठेवून वरून घाव घालतात आणि खिळ्यासारखा दाब नळीत उतरतो. पण दाब किती पडेल ते घालणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून, आणि दोन सांधे कधी सारखे होत नाहीत. संकटकाळी गाडीच्या पेटीत असावा, इतकेच.

लांब दांड्यांचा क्रिंपर हा मात्र भरवशाचा सोबती आहे. त्याच्या तोंडातील साचे फिरवून माप बदलता येते, सांधा षट्कोनी होतो आणि तेलाची गळती वगैरे भानगड नसते. ५० चौरस मिलिमीटरपर्यंत काम भागते. अडचण अशी की दांडे पूर्ण मिटायला अंगात जोर आणि आजूबाजूला मोकळी जागा लागते. त्यामुळे केबल मोजून बाहेर आणावी आणि टेबलावर तयार करून मग गाडीत बसवावी.

त्याहून जाड केबल असेल, किंवा मनगटात पूर्वीचा जोर उरला नसेल, तर हातपंपाचा हायड्रॉलिक क्रिंपर घ्यावा. दांडा सहा-आठ वेळा हलवला की साचे आपोआप मिटतात. सोबत साच्यांच्या जोड्यांची पेटी येते. दुकानदार इतक्या टनांचा, तितक्या टनांचा असे सांगतात, त्या आकड्यांनी भुलू नये. स्वस्त यंत्रात जादा दाब सोडून देणारी झडप नसते. म्हणून दोन्ही साचे एकमेकांना टेकले की थांबावे. त्यानंतरही पंप मारत राहिल्यास यंत्रातील सील फाटते.

खरी गोम साच्यात आहे. साच्यावर ५० लिहिले आहे, लगवर ५० लिहिले आहे, केबलवरही ५० आहे, म्हणून तिघांचे जमेलच असे नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या लगच्या नळीची जाडी वेगवेगळी असते आणि स्वस्त साच्यांवरचे आकडे तर पुष्कळदा अंदाजेच असतात. दाबल्यावर नळीच्या दोन्ही बाजूंनी पातळ पंख बाहेर आले, तर साचा लहान समजावा. लग हाताने फिरली, तर साचा मोठा. म्हणून यंत्र घेताना आपली केबल आणि आपले लग बरोबर घेऊन जावे आणि दुकानातच एक सांधा करून मागावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या.

तो नमुन्याचा सांधा घरी आणून हॅक्सॉने मधोमध आडवा कापावा आणि कापलेली बाजू पॉलिश पेपरवर घासावी. तांबे एकसंध, फार तर मधाच्या पोळ्यासारख्या फिकट रेघांचे दिसले की जोडी जमली. काळी भोके दिसली, तर वेगळा साचा वापरून पाहावा. एक लग आणि वीतभर केबल वाया जाते, पण याहून खात्रीची परीक्षा घरात करता येत नाही.

याच वेळी केबलच्या तारा ब्लेडने खरवडून पाहाव्यात. आतून पांढऱ्या निघाल्या, तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. तांब्याच्या केबलला ॲल्युमिनियमचे लगही लावू नयेत, ते स्वस्त मिळतात म्हणून तर मुळीच नाही.

यंत्र विकत घ्यायलाच हवे का? एका गाडीत असे सांधे पंधरा-वीस असतात. तेवढ्यासाठी काही हजार रुपये घालून मग ते यंत्र माळ्यावर टाकणे सर्वांना परवडेल असे नाही. इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये उत्तम क्रिंपर असतो. सुतळीने केबलच्या वाटा मोजाव्यात, प्रत्येक टोकाला बोल्ट कोणत्या मापाचा हे कागदावर लिहावे आणि केबल तिथून दाबून आणाव्यात. गाडीचे काम टप्प्याटप्प्याने, रविवारी रविवारी चालणार असेल, तरच स्वतःचे यंत्र सोयीचे. दोन-तीन हौशी मित्रांनी मिळून घेतले तर आणखी बरे.

बडोद्याच्या त्या दांपत्याने परतल्यावर सगळेच सांधे कापून टाकले. या वेळी केबल सोलणे बाईंनी आपल्याकडे घेतले. नळीच्या खोलीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर अधिक सोलायचे आणि एकही तार कापली जाऊ द्यायची नाही, हे शिवणकामाच्या हाताला चांगले जमते. लग बसवण्याआधी आवरणाची नळी केबलवर ओवायची, हे पहिल्या दोन टोकांना दोघेही विसरले! मग गाडीत हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. साहेबांनी अंगठी आणि बाईंनी बांगड्या उतरवून ठेवल्या, कारण पान्यासारखीच बांगडीही दोन टोकांत अडकली की क्षणात लाल होते. बोल्टवर लग थेट तांब्याच्या पट्टीला टेकवली आणि वॉशर वरून घातला, मध्ये नाही.

आता शेगडी दहा मिनिटे चालली की बंद करून आसन उचलायचे आणि प्रत्येक सांध्याजवळ हाताची पाठ नेऊन पाहायची, हा त्यांचा परिपाठ झाला आहे. एखादा सांधा शेजारच्या केबलपेक्षा जास्त गरम लागला, तर त्या दिवशी चहा गॅसवर होतो.