संगीतयंत्राचा घट कोणी बदलावा?

गाणी वाजविणारे लहानसे यंत्र एके दिवशी मुके झाले म्हणजे घरोघर एकच निदान होते : यंत्र बिघडले. पुष्कळदा हे निदान खोटे असते. यंत्राचा कर्णा शाबूत असतो, गाण्यांचा साठा शाबूत असतो, कळा व दिवे शाबूत असतात. आत बसविलेला विजेचा घट तेवढा म्हातारा झालेला असतो. दोनचार वर्षांत झिजणारा एक भाग आणि त्याच्या कितीतरी पट टिकणारे बाकीचे यंत्र, अशी ही विजोड जोडी आहे. तो झिजणारा भाग घरच्या माणसास बदलता यावा की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तसा तो नाही. त्याचे उत्तर 'यावा' असेच असले पाहिजे, आणि यंत्र घडविणाऱ्यांनी ते ध्यानात घेऊनच यंत्र घडविले पाहिजे.

रायपूरच्या पुरानी बस्तीत हा प्रश्न कोणत्या रूपाने उभा राहतो ते पाहू. महामाया मंदिर व दूधाधारी मठ यांच्या आसपासचा हा भाग म्हणजे त्या शहराचे जुने गावठाण. इंग्रजांनी १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा करीपर्यंत छत्तीसगड भोसल्यांकडे होते. त्या काळी, आणि पुढे शाळा-कचेऱ्यांच्या निमित्ताने, आलेली मराठी घरे या शहरात स्थिरावली. तेथील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे आहे. शेजारात छत्तीसगढी, बाजारात व कचेरीत हिंदी, आणि नातवंडांच्या शाळेत इंग्रजी, अशा घरांत मराठी कानावर पडण्याच्या जागा थोड्याच उरतात. पहाटेचे अभंग आणि दुपारची नाट्यगीते ऐकविणारे यंत्र ही त्यांतली एक. सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये पाच हजार गाणी आधीच भरलेले 'कारवाँ' हे यंत्र बाजारात आणले व पुढे मराठी गाण्यांचीही त्याची आवृत्ती काढली. ज्या वृद्धांना भ्रमणध्वनीच्या काचेवर बोट फिरविणे जमत नाही, त्यांना कळ फिरवून गाणे लावणे जमते. असे यंत्र बंद पडून माळ्यावर गेले म्हणजे त्या घरातून पाचपंचवीसशे रुपयांची वस्तू जाते, तसा एक आवाजही जातो. आणि माळ्यावर जाण्याचे कारण बहुधा एका लहानशा घटाएवढेच असते.

हा घट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगावयास हवे. मराठीत 'बॅटरी' हा शब्द हातातल्या विजेरीलाही लावतात आणि तिच्यातल्या 'सेल'लाही. त्यामुळे घोटाळा होतो. शास्त्रीय परिभाषेत एकट्याला घट म्हणतात आणि अनेकांच्या जुळणीला घटमाला. आजच्या बहुतेक संगीतयंत्रांत लिथियम-आयन घट असतो. सोनी कंपनीने तो १९९१ मध्ये बाजारात आणला, आणि त्यामागील संशोधनाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एका बाजूस लिथियमयुक्त धातूचे ऑक्साइड, दुसऱ्या बाजूस ग्रॅफाइट, मध्ये सच्छिद्र पडदा आणि सर्वांना भिजविणारा एक ज्वालाग्राही सेंद्रिय द्रव, अशी त्याची रचना असते. घट भारित करताना, म्हणजे बोलीत 'चार्ज' करताना, लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत शिरून बसतात. गाणे वाजू लागले की ते आल्या वाटेने परत फिरतात.

ही ये-जा कायमची बिनखर्चाची असती, तर प्रश्नच नव्हता. परंतु पहिल्याच भारणात ग्रॅफाइटवर एक पातळ साय धरते. ती हवीच असते, कारण ती नसेल तर द्रवाचे विघटन थांबणार नाही. मात्र दुधावरच्या सायीप्रमाणे ती हळूहळू जाड होत जाते. तिच्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामास येत नाही, आणि घटाचा अंतर्गत रोध वाढत जातो. सामान्य घट तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिता केला की त्याची साठवणक्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते. उष्णतेने ही झीज वेगाने होते. त्यातही घट काठोकाठ भरलेला असेल तर अधिकच. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. तेथे पत्र्याखालच्या माळ्यावर, खिडकीच्या उन्हात किंवा दिवसरात्र विजेला जोडून ठेवलेले यंत्र पुण्यातल्या तशाच यंत्रापेक्षा लवकर थकले, तर त्यात नवल नाही. रिते होऊन महिनोन् महिने पडून राहिलेल्या यंत्राचे दुखणे आणखी निराळे. घटाचा दाब अडीच व्होल्टांच्या बराच खाली गेला की आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. असा घट पुन्हा भारित केल्यास ते तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत दोन्ही बाजू जोडल्या जाण्याचे भय असते. तो जागविण्याच्या खटपटीत पडू नये, बदलावा.

झिजणारा भाग घरच्या माणसाच्या हाताशी असावा, ही कल्पना काही नवी नव्हे. ग्रामोफोनची पोलादी सुई दर तबकडीमागे बदलावी लागे, आणि ती घरचे पोरही बदलीत असे. ट्रान्झिस्टर रेडिओचे सेल संपले की कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणीत. १९७९ मध्ये निघालेला सोनीचा वॉकमनही दोन साध्या सेलांवर चाले. ही परंपरा मोडली ती २००१ च्या ऑक्टोबरात निघालेल्या ॲपल कंपनीच्या आयपॉडने. एक हजार गाणी खिशात मावतील असे हे सुबक यंत्र होते. पण त्याला एक स्क्रू दिसत नव्हता, आणि घट आत बंद होता. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमधील नाइस्टॅट बंधूंनी एक लहानसा चित्रपट काढून, न बदलता येणारा हा घट दीड वर्षच टिकतो, अशी जाहीर तक्रार केली. त्याच सुमारास कंपनीने ९९ डॉलरांत घट बदलून देण्याची योजना जाहीर केली, आणि ग्राहकांनी भरलेल्या दाव्यात २००५ मध्ये तडजोड झाली. यातला बोधप्रद भाग कोर्टाबाहेरचा आहे. प्लॅस्टिकची एक चपटी पट्टी आणि एक नवा घट एवढेच साहित्य इतर विक्रेते विकू लागले होते, आणि सामान्य माणसे तेवढ्यावर आयपॉड उघडून घट बदलीत होती. जे बदलणे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते केवळ गैरसोयीचे करून ठेवलेले होते.

यावर कारखानदारांचा एक आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लिथियम घट म्हणजे विजेरीचा सेल नव्हे, असे ते म्हणतात. हे खरे आहे. जस्त-कार्बनचा सेल चेपला तर फार तर पाझरतो. लिथियम घट भोसकला गेला तर पेटतो. यंत्र पातळ करावयाचे व पाण्यापासून राखावयाचे तर झाकण कमी हवे, हेही खरे. पण एवढ्यावरून घट ग्राहकापासून लपवावा असे सिद्ध होत नाही. त्याला कठीण कवच हवे, इतकेच सिद्ध होते. नोकियाच्या बीएल-५सी घटाचा इतिहास येथे आठवण्यासारखा आहे. भारतात घरोघर पोचलेल्या नोकिया ११०० या भ्रमणध्वनीत तो असे. ऑगस्ट २००७ मध्ये असे आढळले की, मात्सुशिता कंपनीने बनविलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी घटांपैकी काही भारित होताना तापतात. भारतात त्या वेळी बराच गोंधळ उडाला. तरीही उपाय सोपा ठरला : मागचे झाकण काढून घटावरचा क्रमांक वाचावयाचा, सदोष निघाल्यास तेवढा घट बदलून घ्यावयाचा. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलक्सी नोट ७ मध्ये घटाचाच दोष निघाला. पण घट आत बंद असल्यामुळे सुमारे पंचवीस लाख संपूर्ण यंत्रे परत बोलवावी लागली, आणि अखेर ते यंत्रच बंद झाले. बंद झाकण सुरक्षित, हे म्हणणे या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

गंमत अशी की, आठवडे बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा स्वस्त रेडिओ-यंत्रांत आजही त्याच बीएल-५सी मापाचा घट मागच्या झाकणाखाली बसविलेला असतो. नख लावून तो काढता येतो. महाग यंत्र मेल्यावर फेकावे लागते आणि स्वस्त यंत्र पुन्हा गाऊ लागते, हा न्याय उलटा आहे.

तथापि हक्क मागणाऱ्याने हात शिकविले पाहिजेत. यंत्र उघडण्यापूर्वी ते आपोआप बंद पडेपर्यंत वाजवावे, कारण रित्या घटात पेटण्याजोगी ऊर्जा कमी असते. विजेची दोरी काढलेली असावी. घट चिकटविलेला असेल तर तो प्लॅस्टिकच्या पट्टीने सावकाश सोडवावा. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने उचकटणे हीच सर्वांत धोक्याची चूक होय. उशीसारखा फुगलेला घट दाबू नये, टोचू नये, आणि घरात उघडूही नये. तारा कापाव्या लागल्या तर एका वेळी एकच कापावी, तिचे टोक चिकटपट्टीने झाकावे, मगच दुसरीस हात लावावा. दोन्ही तारा एकदम कात्रीत आल्या तर कात्रीचे पातेच त्यांना जोडते. नव्या घटाच्या तारांचे रंग पाहून स्वस्थ बसू नये. जोडणीतील उजवे-डावे विक्रेत्यागणिक बदलते, म्हणून धन व ऋण टोक मल्टिमीटरने तपासावे. तिसरी तार असल्यास ती बहुधा तापमान सांगणारी असते. ती वगळून काम भागत नाही.

घट निवडताना मापापेक्षा दाब महत्त्वाचा. चपट्या पाकिटबंद घटावर ५०३०४० असा आकडा असेल, तर जाडी ५ मिलिमीटर, रुंदी ३०, लांबी ४० असा त्याचा अर्थ. नवा घट किंचित पातळ असला तर बरेच, कारण फुगण्यास जागा राहते. परंतु ३·७ व्होल्टांचा घट ४·२ व्होल्टांपर्यंतच भरावयाचा असतो, आणि ३·२ व्होल्टांचा लोह-फॉस्फेट घट ३·६५ पर्यंतच. पहिल्याच्या जागी दुसरा बसविला तर यंत्र त्याला नेमाने जास्त भरीत राहील. १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा १८६५० नावाचा नळीसारखा घट हल्ली पुष्कळ यंत्रांत असतो. त्याच्या वेष्टनावर कधीकधी ९९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले आढळते. या मापाच्या उत्तम घटातही सुमारे साडेतीन हजारच मावतात. तेव्हा तो आकडा दिसताच दुकान बदलावे. आणि घटाच्या अंगावर थेट डाख देऊ नये. पट्ट्या किंवा तारा आधीच जोडलेला व संरक्षक मंडल असलेला घटच घ्यावा. एवढी सावधगिरी जमणार नाही असे वाटले, तर मोहल्ल्यातील रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे. पण त्याच्याकडेही मागण्याच्या गोष्टी ह्याच.

शाळांतून व्होल्टाचा घट शिकवितात, लेक्लांशेचा घट शिकवितात. विद्यार्थ्याच्या खिशात मात्र तिसराच असतो. शिक्षकाच्या देखरेखीखाली एखादे बंद पडलेले यंत्र वर्गात उघडून दाखविण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

कायद्याचे पाऊल या दिशेने युरोपात पडले आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या घटविषयक विनियमानुसार, १८ फेब्रुवारी २०२७ पासून तेथे विकावयाच्या यंत्रांतील लहान घट, काही अपवाद वगळता, ग्राहकाला स्वतः काढता व बदलता आले पाहिजेत. त्यासाठी खास हत्यार लागत असेल तर ते यंत्राबरोबर फुकट द्यावयाचे. उष्णता किंवा द्रावक लावून उघडण्याची पाळी येऊ द्यावयाची नाही. आणि शेवटचे यंत्र बाजारात आल्यावर किमान पाच वर्षे सुटा घट वाजवी किमतीस मिळाला पाहिजे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी संकेतस्थळ सुरू केले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घटांच्या कचऱ्यासंबंधीचे नवे नियम आले. त्या नियमांनी वापरलेले घट परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. जो घट परत घ्यावयाचा, तो यंत्रातून सहज निघाला पाहिजे, असा दंडक त्यांत नाही. तो यावयास हवा.

काढलेल्या जुन्या घटाची वाट त्याच नियमांनी आखून दिली आहे. इतर कचऱ्याबरोबर तो टाकावयाचा नाही. घटावरील, चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेले चित्र हेच सांगते. त्याची दोन्ही टोके चिकटपट्टीने झाकून तो घट गोळा करणाऱ्या केंद्राकडे किंवा विक्रेत्याकडे पोचवावा. भंगारच्या पोत्यात तो लोखंडाखाली चेपला तर तेथेच पेट घेतो. पुरानी बस्तीत काय किंवा अन्य कोठे काय, वाचनालयाच्या दाराशी कोरड्या वाळूचा एक पत्र्याचा डबा यासाठी ठेवता येईल. तो सावलीत असावा, आणि भरण्याची वाट न पाहता दर महिन्यास पुढे पाठवावा.