आधी दादीला विचारा

मासाको वाकामिया या जपानमधल्या निवृत्त बँक कर्मचारी. जन्म १९३५चा. म्हाताऱ्या माणसांना रमता येईल असा मोबाईल गेम दिसेना, म्हणून त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या आणि २०१७ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, ‘हिनादान’ हा गेम त्यांनी स्वतः तयार केला. जपानमध्ये बाहुल्यांच्या सणाला पायऱ्यांवर ठरलेल्या क्रमाने बाहुल्या मांडतात. गेममध्येही तेच करायचं. पण बाहुली ओढत न्यायची नाही; आधी बाहुलीवर, मग तिच्या जागेवर बोट ठेवायचं, एवढंच. स्क्रीनवर बोट सरकवणं उतारवयात जड जातं, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय हा क्रम नातवापेक्षा आजीलाच पक्का माहीत असतो!

मला हा शेवटचा मुद्दा मोलाचा वाटतो. आपल्यातले अनेक तरुण आज आयटीत आहेत. ज्येष्ठांसाठी अ‍ॅप म्हटलं की आपल्याला सुचतं ते गोळ्यांची आठवण, नाहीतर मुलाला आईचं लोकेशन. हे उपयोगी आहेच. पण त्यात म्हातारं माणूस फक्त सांभाळायचं ओझं ठरतं. अक्षरं मोठी केल्याने एकटेपणा जात नाही. कुणीतरी आपल्याला काही विचारतंय, याने तो कमी होतो.

आणि विचारण्यासारखं किती आहे! कोणाचं मूळ गाव कोणतं, कोणाचे आजोबा बोटीवर खलाशी होते, लग्नात कोणती गाणी म्हणत. नातवाने प्रश्न पाठवावा आणि दादीने एक बटण दाबून बोलावं, असं अ‍ॅप का नसावं? कुणाला उर्दू वाचता येतं, कुणाला मराठी, कुणाला काहीच नाही. आवाजाला लिपी लागत नाही. दखनी चालेल, कोकणीही चालेल. त्याच अ‍ॅपने जुन्या मैत्रिणींची भेटही ठरवून द्यावी. दादी किती वेळ स्क्रीनवर होती यापेक्षा किती वेळा घराबाहेर पडली, हे मोजावं.

अडचण तंत्रज्ञानाची कमी, आपल्या उतावळेपणाची जास्त आहे. ‘आण इकडे, मी करून देतो,’ म्हणत आपण फोन हातातून काढून घेतो. अनेक घरांत तर दादीचा स्वतःचा फोनच नसतो.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी मोहल्ल्यातल्या पाच वडीलधाऱ्यांजवळ बसा. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. बोट कुठे अडतं ते पाहा, आणि त्यांना कोणाशी बोलायचंय ते विचारा.