मनाची साक्ष की मनाची सोय?

‘माझ्या मनाला पटते तेच माझ्यापुरते नीतिशास्त्र’ असे म्हणण्याचा प्रघात आमच्या सुशिक्षित वर्गात बराच बोकाळला आहे. या गृहस्थांस आमचा सवाल एवढाच की, हे आपले मन आपणांविरुद्ध कधी निवाडा देते काय? हुंड्याचा निषेध करणारे विद्वान चिरंजीवांच्या लग्नात ‘आम्ही मागितले नाही, त्यांनी हौसेने दिले’ म्हणून मोकळे होतात. आणि तेही त्यांच्या मनाला पटलेलेच असते! (१९६१ चा हुंडाबंदीचा कायदा मनाच्या कचेरीत पोचला नसावा.)

मग रूढीचेच माप घ्यावे काय? मुळीच नाही. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला तो स्वतःच्या विवेकाला स्मरूनच. त्यापायी मुरुडकरांचा बहिष्कार त्यांनी पत्करला. उलट, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते माधवराव रानडे १८७३ साली विधुर झाले, तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह केला. हा दोषच होय. पण वर्तनाच्या बेताने त्यांनी तत्त्व कापून घेतले नाही. विधवाविवाहाचा पुरस्कार ते पुढेही करीतच राहिले, आणि टीकेचे कोलीत विरोधकांच्या हाती राहू दिले. आमच्या विद्वानांपाशी मात्र मापे दोन: मुलाच्या लग्नाचे एक, मुलीच्या लग्नाचे दुसरे. तीच ‘हौस’ मुलीसाठी करावी लागली की ते तिला लूट म्हणतात.